ई आली

२ ऑगस्ट

ग्रीकची चोवीस अक्षरं आज पुरी झाली. दुपारी हाताला काम नव्हतं, म्हणून गुलाबी मेणाच्या पत्र्यावर सुरीच्या टोकानं ती ओळीनं कोरली. कवळ्यांच्या कारखान्यात कागदापेक्षा मेण हाताशी असतं. मालक मागं येऊन उभे राहिले.

"कवळीवर मंत्र घालताय का?"

"शिकतेय. तिकडं हीच वाचावी लागणार."

त्यांनी पत्रा उजेडात धरला. "ही तर आपली गणितातली. थीटा, पाय." मग म्हणाले, "म्हणजे ह्या अक्षरांनी कुणी घरात भांडतही असेल."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शाळेत त्रिकोणाच्या कोपऱ्यात गप्प बसवलेली अक्षरं. संध्याकाळी तोच पत्रा वितळवून एका निवृत्त कारकुनाच्या हिरड्या केल्या.

९ ऑगस्ट

ह्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन. ताई तिकडं वीस वर्षं आहेत, कपडे उसवून-शिवून बेताचे करून देण्याचं दुकान चालवतात. हे त्यांच्याकडेच उतरलेत. रोज संध्याकाळी त्या मला फोनवर शिकवतात.

"तीन लिंगं आहेत. आपल्यासारखीच."

"तो, ती, ते?"

"ओ, ई, तो."

"तो शेवटी?"

"तो म्हणजे ते."

"मग आपला तो?"

"तो ओ."

"ताई, मला चक्कर येतेय."

"आत्ताच येऊ दे. विमानात नको."

फोन ठेवल्यावर आठवले तेवढे शब्द म्हणून पाहिले. दात त्यांच्यात ते आहे. तोंड आपल्यासारखंच ते. जीभ ती, आणि भाषेलाही जीभच म्हणतात, ग्लोसा. मूलसुद्धा ते.  इतक्या लांबच्या लोकांनीही मुलाकडे बघून तो की ती हे ठरवायची घाई केली नाही.

२६ ऑगस्ट

कारखान्यात शेवटचा दिवस. शेवटची कवळी एका आजीबाईंची. नेहमीप्रमाणे म्हणायला लावलं, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट. साठीच्या आकड्यांत स भरलेला आहे. तो शीळ न घालता बाहेर आला की कवळी बसली असं समजायचं. माझ्या हाताखालून इतकी तोंडं गेली, ह्या परीक्षेनं कधी दगा दिला नाही.

मालकांनी मेणाची सुरी भेट दिली. "तिकडच्या तोंडातही बत्तीसच असतात ना?" म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं म्हणून विनोद केला असावा.

१४ सप्टेंबर

पोचून आठवडा झाला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीतून एका गॅरेजचं पत्र्याचं छप्पर दिसतं, त्यावर एक एकटा बूट पडलेला आहे. हे सकाळी शीतगृहात कामाला जातात. यंत्रांची देखभाल. मग मी आणि बूट.

काल घरमालकानं एक छापील कागद दिला. एकेक अक्षर लावत वाचला. प्रत्येक वाक्य अर्धविरामापाशी थांबत होतं. वाटलं, पुढचं पान राहिलं. ताईंना विचारलं तर हसल्या. त्यांच्यात प्रश्नचिन्ह म्हणून अर्धविरामच देतात.

म्हणजे इथं प्रश्न विचारला की वाक्य अर्धंच राहतं. उरलेलं समोरच्यानं पुरं करायचं. कागद परत उघडून सगळे अर्धविराम पाहिले.

१९ सप्टेंबर

रात्री जेवताना हे म्हणाले, "तिकडं तुझ्या बोलण्यानं शेजारचे दुपारी झोपायचे नाहीत."

"मग?"

"मग काही नाही. इथं शेजारी मजेत झोपतात."

मी पोळी पुढं केली. त्यांनी घेतली नाही. मला वाटतं पोट भरलं होतं.

२३ सप्टेंबर

काम मिळालं. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, मागच्या खोलीत कवळ्या करायच्या. त्यांनी आधी माझे हात पाहिले आणि मग माझं काम. बोलणं फार लागलं नाही.

दुपारी मधलं दार अर्धं उघडं होतं. पलीकडं एक म्हातारा खुर्चीत, तोंडात मेणातले दात. डॉक्टरीणबाईंनी त्याला काहीतरी म्हणायला सांगितलं. तो म्हणाला, "एक्सींदा एक्सी." पुन्हा म्हणाला, "एक्सींदा एक्सी." संध्याकाळी ताईंना विचारलं.

"सहासष्ट," त्या म्हणाल्या. "का गं?"

 ह्या दोन गावांतल्या माणसांनी एकमेकांची तोंडं कधी पाहिलेली नाहीत. तरी दात नीट लागले का हे कळायला दोघंही साठीतच गेली आणि सहासष्टावर थांबली.

८ ऑक्टोबर

इथं माझ्या हातची पहिली पुरी कवळी, वर-खाली दोन्ही, आज एका बाईंच्या तोंडात गेली. सत्तरीच्या पुढच्या, ताठ, राखाडी कोट. डॉक्टरीणबाईंनी सावकाश सांगितलं ते जवळजवळ सगळं कळलं. ह्या बाई एका छापखान्यात होत्या. मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचं त्यांचं काम. शेजारी बसून एक माणूस छापलेला कागद डोळ्यांनी तपासायचा. तोच पुढं त्यांचा नवरा झाला. आता नवऱ्याची नजर गेली आहे. बाई त्यांना रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवतात.

वाचकबाई म्हणाल्या, "एक्सींदा एक्सी." स स्वच्छ. शीळ नाही. मी मागच्या खोलीत जाऊन एकटीच हसले.

२० ऑक्टोबर

वाचकबाई परत आल्या. कवळी टोचत नाही, हलत नाही, चावता येतं. तरी त्यांनी ती काढून माझ्या मेजावर ठेवली आणि बोट घरी बसलेल्या नवऱ्याच्या दिशेनं, म्हणजे दाराबाहेर केलं. डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं: वाचताना आवाज बदललाय असं ह्यांच्या नवऱ्याचं म्हणणं आहे. नवऱ्याला फार वेळ एकटं सोडता येत नाही, तेव्हा उद्या तूच घरी जा आणि ऐक.

"मी काय ऐकणार?" मी म्हटलं. माझं ग्रीक ते काय.

"कान तर आहेत," त्या म्हणाल्या.

२१ ऑक्टोबर

घर दोन गल्ल्या सोडून, वाचकबाई मला न्यायला आल्या होत्या. एकच मोठी खोली, भिंतीला लागून जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, खिडकीशी दोन खुर्च्या. एकीचे हात घासून पांढरे पडलेले. तिच्यात आजोबा, मान किंचित वर, कान आमच्याकडं. दार वाजलं तसे म्हणाले:

"पू ईने ई आली?"

मला सरळ ऐकू आलं, ही आली. मराठी नाही हे माहीत असून अंगावर काटा आला. बायको बाहेरून आली की नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणतो, ही आली. वाचकबाईंनी कोट काढून खुंटीला लावला.

आजोबांनी मी कोण हे विचारलं. मी सांगितलं. पाणी पिऊन झाल्यावर परत विचारलं. निघताना आणखी एकदा. दिसत नाही, तेव्हा खात्री करून घेत असतील.

मग म्हणाले, "दियावास्ते." हे मला कळलं. वाचा. नुसतं वाच नव्हे, वाचा. जन्मभर शेजारी बसून काम केलेला माणूस बायकोला अहोजाहो करतो. आमच्याकडं मी ह्यांना अहो म्हणते. हे मला म्हणतील तर मी डॉक्टरकडं नेईन. इथं मात्र किती सहज. माझी नजर आपोआप खाली गेली.

वाचकबाई वाचू लागल्या. छापखान्यातली सवय, विरामचिन्हंही वाचतात. शब्द, कोमा, शब्द, शब्द, तेलिया. कोमा म्हणजे स्वल्पविराम, तेलिया म्हणजे पूर्णविराम. अर्थ मला दहातला एक लागला, पण वाक्याची हाडं मोजता येत होती. असं वाचन मी कधी ऐकलं नव्हतं. मध्येच आजोबा मान हलवायचे, नाही अशी. प्रत्येक वेळी एकाच आवाजावर. समुद्राला थालासा म्हणतात. वाचकबाईंच्या तोंडून सालासा येत होतं.

२२ ऑक्टोबर

दुकानात जाऊन ताईंना सगळं सांगितलं. त्या एका पँटीला टाचण्या लावत होत्या.

"काय म्हणाले म्हणालीस?"

"पू ईने ई आली. जणू आपलं ही आली."

ताईंच्या ओठांत टाचण्या होत्या. एकेक काढून त्यांनी उशीत खोचल्या.

"आली म्हणजे दुसरी. त्यानं विचारलं, दुसरी कुठं आहे?"

"दुसरी कोण?"

"त्याची बायको."

"पण बायको तर समोर होती."

"तेच तर." त्या पँटीकडं बघत होत्या. "आणि दियावास्ते म्हणाला ना? नवरा-बायकोत इथं कुणी अहोजाहो करत नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला करतात."

मी खुर्चीवर बसायला गेले, टाचण्यांच्या डबीवर बसणार होते, ताईंनी ओढलं.

"म्हणजे माझ्या दातांमुळे त्यांना बायको ओळखू येईना."

"अगं, दात कसले, त्या माणसाचं..." ताई काहीतरी म्हणणार होत्या, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

२५ ऑक्टोबर

आरशासमोर. थ म्हणताना माझी जीभ वरच्या दातांच्या मागं टेकते. द म्हणतानाही. त, न, स, सगळं आतल्या आत. आपल्या एकाही अक्षराला जीभ दातांबाहेर काढावी लागत नाही. काढली तर लहानपणी फटका मिळायचा.

त्यांच्या थला जीभ बाहेर लागते. दोन दातांमधून टोक दिसलं पाहिजे आणि वरून वारा गेला पाहिजे.

हे आले.

"काय करतेयस?"

"थ."

"मला वाटलं मला वेडावतेयस."

"तुम्ही म्हणा बरं. जीभ बाहेर."

त्यांनी जीभ काढली. शीतगृहाचा इंजिनिअर आणि कवळ्या करणारी बाई, दोघं आरशात जीभ काढून उभी. हे म्हणाले, "आईनं पाहिलं असतं तर म्हणाली असती, इतके पैसे खर्चून परदेशी गेले नि हे शिकले." मी हसले. आपलंच हसणं कानाला नवं वाटलं. ते माझ्याकडं बघत राहिले. "हं," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

मग कळलं. मी कवळी मराठी तोंडासाठी केली होती. वरचे पटाशीचे दात खालच्यांवर छान उतरवले, फट बुजवली, टाळूही जाड ठेवली. स पास झाला, कारण स आतच राहतो. जिभेला बाहेर यायला मी दारच ठेवलं नव्हतं. एका माणसाच्या तोंडात मी माझ्या भाषेच्या भिंती बांधून दिल्या.

२६ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंना नवी कवळी करू द्या म्हटलं. कारण सांगायला शब्द नव्हते, म्हणून जीभ काढून दाखवली. त्यांना लगेच कळलं. म्हणाल्या, कर. मग म्हणाल्या, दातांनी सगळं होत नाही. प्रत्येक शब्द समजला. सगळं म्हणजे काय, ते विचारता आलं नाही. मी फक्त "थेलो" म्हटलं. मला हवंय. हाही थनेच सुरू होतो.

यादी करायची नाही असं ठरवलं होतं, पण दिवसभर तेच चाललंय. हवंय म्हणायला थ. आठवतं म्हणायला थ, थिमामे. आणि उद्याची कुठलीही गोष्ट सांगायची तर क्रियापदाआधी था म्हणावं लागतं. मी करीन, मी येईन, सगळ्याला था. म्हणजे माझी कवळी घालून वाचकबाईंना भविष्यकाळ नीट उच्चारता येत नाही.

इतकी वर्षं मी दात लावले. चावण्यासाठी आणि हसण्यासाठी. त्यांच्यामधून एवढं काही जातं हे माहीत नव्हतं.

४ नोव्हेंबर

मेणातले दात वाचकबाईंच्या तोंडात. वरचे केसभर पुढं, केसभर वर. टाळू पातळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक्सींदा एक्सी म्हणा. मी मध्येच म्हटलं, नको. "थालासा."

वाचकबाई म्हणाल्या, "थालासा."

जिभेचं टोक दिसलं, गेलं.  त्यांनी दोन बोटं ओठांवर ठेवली. तोंडातून काय निघालं ते जणू पकडून बघत होत्या. मग स्वतःशीच म्हणत राहिल्या, थालासा, थेलो, थिमामे. मी शेजारी उभी राहून बरोबर म्हणत होते, माझी जीभ बाहेर, त्यांची जीभ बाहेर. लहान मुलं शिकतात तशी दोन बायकांची शिकवणी. कुणी कुणाला शिकवलं सांगता येणार नाही.

१३ नोव्हेंबर

पक्की कवळी घेऊन सकाळी त्यांच्या घरी. पिशवीत घासणी, कवळी घासायची बारीक कानस, लागली तर असावी म्हणून.  मनात एकच, आज ते तिला तू म्हणोत. दियावास्ते नको, दियावासे. वाच.

दार उघडलं. आजोबांनी विचारलं, दुसरी कुठं आहे. आता मला ते ही आली असं ऐकू येत नाही. कानाला दार बसवलं की बंद करता येत नाही.

वाचकबाईंनी कवळी बसवली, खुर्ची ओढली, वर्तमानपत्र उघडलं. हवामानाची बातमी होती. थालासा लगेच आला, दुसऱ्याच ओळीत. स्वच्छ. आजोबांची मान हलली नाही. कोमा. आणखी एक थ. तेलिया. त्यांचा हात खुर्चीच्या पांढऱ्या हातावर ठेका धरू लागला, विरामचिन्हांवर. पूर्ण बातमी झाली. ते पुढं वाकले आणि हळू, स्पष्ट बोलले, मलासुद्धा कळेल इतकं.

"तुम्ही छान वाचता. माझी बायको थ असाच म्हणते."

तुम्ही.

वाचकबाई उठून आतल्या ओट्यापाशी गेल्या. मीही मागं गेले. पिशवीतून घासणी काढली. अजून किती घासायचं, कुठं, ते माझ्या ग्रीकमध्ये बसेना. मी फक्त घासणी आणि स्वतःचे दात दाखवत राहिले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि घासणी परत पिशवीत घातली.

"दात बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. त्यांनी कपाळाला बोट लावलं आणि खिडकीशी बसलेल्या आजोबांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "केव्हापासूनच."

तेव्हा मला ताईंचं आणि डॉक्टरीणबाईंचं अर्धं राहिलेलं बोलणं पुरतं कळलं. वाचकबाईंनाही ते पहिल्यापासून माहीत होतं. तरी त्या थसाठी दोनदा जबडा उघडून बसल्या.

नळाखाली पेला धरून त्यांनी मला विचारलं, "तू नवऱ्याला काय म्हणतेस? तू की तुम्ही?"

"तुम्ही," मी म्हटलं.

पेला भरून वाहिला. "नेहमी?"

"नेहमी. लग्नापासून."

"आणि तो?"

"तो मला तू."

त्यांनी नळ बंद केला. "म्हणजे परके आहात?"

"नाही." ह्यापुढचं मला मराठीतही सांगता आलं नसतं. अहो हा शब्द मी ह्यांच्या पाठीवर किती प्रकारे ठेवलाय. उठवायला, थांबवायला, अंधारात नुसतं आहात ना विचारायला. माझ्याकडं एवढंच ग्रीक होतं: "मी रागावले तर तू म्हणते."

वाचकबाई हसल्या. तोंड पूर्ण उघडून, वरचे-खालचे सगळे दात दिसले. हसताना कवळी जरासुद्धा हलली नाही. मग पेला पुसला, आजोबांना पाणी दिलं, आणि शेजारच्या खुर्चीत बसून पान उलटलं. आजोबांनी कुठं होतो आपण असं विचारलं.

वाचकबाईंनी घसा साफ केला. आकू म्हणाल्या नाहीत, ऐक असं. म्हणाल्या, "आकुस्ते."

ऐका.

आजोबांनी सभ्य माणसासारखा कोटाची कॉलर नीट केली आणि आपली खुर्ची थोडी त्यांच्याकडं सरकवली.